बापाच्या नावाचा पाठिंबा

२०२४ चा नोव्हेंबर. विधानसभेच्या मतदानाला आठ-दहा दिवस उरले असतील. संध्याकाळी वस्तीतली चार पोरं खोलीवर आली. "जयभीम काका." मी म्हटलं, "जयभीम, या, बसा." १६० चौरस फुटांच्या खोलीत चार पोरं बसली की आपले पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न पडतो. मी कॉटवर पाय वर घेऊन बसलो.

एकानं मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. पाठिंब्याचं पत्र होतं. अमुक उमेदवारास आम्ही खाली सही करणारे जाहीर पाठिंबा देत आहोत वगैरे. खाली नावं. जुने पँथर, निवृत्त अधिकारी, विहाराचे विश्वस्त, महिला मंडळाच्या अध्यक्षा. माझं नाव तिसरं. आधीच टाइप केलेलं.

"काका, तुमचं नाव असलं की आपल्या चाळीतली शंभर मतं तर फिक्स."

मी म्हटलं, "चहा घ्या."

दोस्तांनो, मला त्या पोरांचा राग आला नाही. राग कसा येईल? हेच काम मी केलेलं आहे. मोबाईलवर नाही, छापील कागदावर केलं, आणि दुसऱ्या कुणाचं नाही, माझ्या बापाचंच नाव वर टाकलं होतं. ती गोष्ट सांगायची तर आधी माझा बाप सांगावा लागेल.

माझा बा साताऱ्याकडचा. गिरणीत रिंगखात्यात होता. साचेखात्यात आमच्या माणसाला घेत नसत, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमच्या तोंडचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नसे. बाबासाहेबांनी हे १९२८ च्या संपाच्या वेळी कॉम्रेड लोकांपुढं मांडलं होतं. बा नंतरचा, पण रिंगखातं काही सुटलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत यायच्या आधी तो नायगावात चुलत्याच्या खोलीवर राहायचा. पंधरा माणसं एका खोलीत, पाळीनं झोपायची.

तिथून त्यानं पहिलं मत दिलं. १९५२ चा जानेवारी. बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असत, एक राखीव, एक सर्वसाधारण. मतदाराला दोन कागद मिळायचे. शिक्का मारायचा नाही, काही नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र, कागद पेटीत टाकून यायचं. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एक बाद. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. समाजवाद्यांचं झाड. फेडरेशनची आणि समाजवादी पक्षाची युती होती. राखीव जागेला बाबासाहेब, दुसऱ्या जागेला अशोक मेहता. म्हणजे आपण एक कागद हत्तीला टाकायचा आणि एक झाडाला, आणि समाजवाद्यांच्या माणसांनीही तसंच करायचं. पाठिंब्याला पाठिंबा.

बा सांगायचा, "एक हत्तीला, एक झाडाला. नायगावातनं लायनीनं पडलं तसं."

निकाल तुम्हाला माहीत आहे, तरी आकडे बघा. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. आणि अशोक मेहता १ लाख ४० हजारांच्या घरात. मेहताही पडले, पण बाबासाहेबांपेक्षा जास्त मतं घेऊन पडले. बाचा हिशोब सरळ होता. आपली मतं झाडाला गेली, झाडवाल्यांची सगळी हत्तीला आली नाहीत. मी कॉलेजात गेल्यावर त्याला म्हणायचो, बा, हे सिद्ध करता येणार नाही. पेटीत पडलेल्या कागदाला जात चिकटवलेली नसते. तो म्हणायचा, "कागदाला नसंल. टाकनाऱ्याच्या हाताला हाय न्हवं."

त्या निवडणुकीत ७४ हजारांवर मतं बाद झाली. डांग्यांच्या पक्षानं मतं कुजवायचा प्रचार केला असा आरोप घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता ट्रिब्युनलकडं गेले. उपयोग झाला नाही. 'मत कुजवणं' हा शब्द मी लहानपणी बाच्या तोंडून ऐकला तेव्हा मला वाटायचं, मताला खरोखर वास येत असेल. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. परत तीच जोडी. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. चाळीतले म्हातारे सांगायचे की भंडाऱ्यात आपल्या काही कार्यकर्त्यांना दुसरं मत कुजवावंसं वाटत होतं आणि बाबासाहेबांनी त्यांना ते करू दिलं नाही.

आता बघा. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, तीन-चार महिन्यांपूर्वीपर्यंत देशाचा कायदामंत्री, आणि त्याला एका नावाजलेल्या पक्षाचा जाहीर पाठिंबा. तरी दुसऱ्याची मतं पुरती आली नाहीत. वस्तीनं मात्र बाबासाहेबांच्या शब्दावर न बघितलेल्या माणसाच्या झाडाला कागद टाकला. म्हणजे नेत्याच्या सांगण्यानं मत जातं? जातं. तेव्हा तर गेलंच. पण ते सांगणं बाबासाहेबांचं होतं, आणि ऐकणाऱ्याला पाण्यापासून शाळेपर्यंत सगळं त्यांच्यापासून मिळालेलं होतं. नंतरच्या सगळ्या पुढाऱ्यांनी हे एकच उदाहरण पाठ केलं आणि त्यातली बाबासाहेब ही मुख्य गोष्ट गाळली. त्यांना वाटलं, निळा झेंडा हातात घेऊन जो बोलेल त्याच्या मागं कागद आपोआप जातो. गठ्ठा मतं! हा शब्दच बघा ना. मोळीला गठ्ठा म्हणतात, सरपणाला म्हणतात.

१९७४ ला मी बारा वर्षांचा. मतदारसंघ मध्य मुंबई. तिथले खासदार रा. धों. भंडारे. मूळचे आपलेच, फेडरेशनमधले, रिपब्लिकनमधले, मग काँग्रेसमध्ये गेलेले. ते बिहारचे राज्यपाल झाले आणि पोटनिवडणूक लागली. काँग्रेसनं रामराव आदिकांना उभं केलं. शिवसेनेनं आदिकांना पाठिंबा दिला. आपले काही पुढारी काँग्रेसच्या स्टेजवर हार घालून बसलेले. समोर कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांग्यांची मुलगी. पँथर म्हणाले, बहिष्कार. गावोगाव आमच्या बाया नागवल्या जातायत, माणसं मारली जातायत, मत कुणाला द्यायचं आणि कशाला?

५ जानेवारीला आमच्या चाळीतल्या मैदानात पँथरची सभा झाली. राजा ढाले बोलत होते. दगड आले, पोलीस आले, मग सगळं पेटलं. मी गॅलरीत होतो, आईनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि दाराला पाटा लावला. रात्री जिन्यावरून बुटांचा आवाज, दारं वाजवल्याचा आवाज, बायांचं रडणं. १० तारखेला परळच्या मोर्चात भागवत जाधवच्या डोक्यात वरून दगड घातला. तो गेला.

मतदानाच्या दिवशी बा गॅलरीत स्टूल टाकून बसून राहिला. दिवसभर. सुट्टीच्या दिवशी करतो तशी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आणि बसला. जाणाऱ्या-येणाऱ्याला बोट दाखवायचा. बोटाला शाई नाही. खालच्या जिन्यात पुढाऱ्यांच्या नावांचं पोस्टर होतं, त्याच्याकडं कुणी बघत पण नव्हतं. ते फाडायलाही कुणी गेलं नाही, याचं मला आता नवल वाटतं.

आदिक पडले. रोझा देशपांडे निवडून आल्या. बावन्न साली ज्या डांग्यांच्या पक्षावर मतं कुजवल्याचा आरोप झाला, त्यांच्या मुलीला चौऱ्याहत्तर साली आमच्या न दिलेल्या मतांनी हात दिला. बाला हे कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं. तो म्हणाला, "ती निवडून आली ती तिची गोस्ट. ह्ये पडलं ही आमची."

मी मोठा झाल्यावर, छावणीत जायला लागल्यावर, मला वाटायचं की पँथरच्या आदेशानं वस्ती थांबली. हे आम्ही भाषणात सांगायचो. मी स्वतः स्टेन्सिल कापून पत्रकं काढली आहेत, त्यात लिहिलं आहे, "पँथरच्या एका हाकेसरशी". एकदा बाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हाक नंतरची, लेका. जिन्यात बूट वाजलं तवाच ठरलं." म्हणजे ढालेंनी सांगितलं ते लोकांच्या पोटात आधीच होतं. ज्यांच्या पोटात ते नव्हतं अशा ठिकाणी त्याच ढालेंच्या, त्याच ढसाळांच्या सांगण्यानं काय व्हायचं तेवढंच झालं. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. हाकेवर माझा फार विश्वास होता, कारण हाक देणाऱ्यांच्या गर्दीत मी होतो.

पुढं १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्या बंद पडल्या. अडीच लाख कामगार बाहेर. बाही बाहेर. आईनं घरोघर पापड लाटले, मी टपालाच्या नोकरीत नुकता चिकटलो होतो, माझ्या पगारावर सात माणसं. संप जिंकला नाही, कधी जाहीर संपलाही नाही. १९८४ च्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींची हत्या झालेली, राजीव गांधींची लाट, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला. आणि त्या लाटेत आमच्या दक्षिण मध्य मुंबईतून दत्ता सामंत निवडून आले. ज्यानं संप केला आणि जो संप हरला तो माणूस! कुठला मोठा पुढारी त्याच्या पाठीशी उभा होता? बा उपाशी होता तरी त्याला मत देऊन आला. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, या माणसानं तुझी नोकरी घालवली. तो म्हणाला, "त्यानं घालवली आसंल. पर इकली न्हाय."

१९९८ चं वर्ष मात्र वेगळं. ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल काका फक्त पडलेलीच माणसं मोजतात. रिपब्लिकन गट एक झाले, काँग्रेसशी समझोता झाला, आणि चार जण लोकसभेत गेले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून. चारही सर्वसाधारण जागा. बावन्न साली जे झालं नाही ते झालं, दुसऱ्यांची मतं आपल्या माणसाला आली. त्या रात्री चाळीत ढोल वाजले. बा खाली उतरला नाही, गुडघे गेलेले, पण गॅलरीतून बघत होता. वर्षभरात सगळे फुटले. १९९९ ला ज्याचा-त्याचा झेंडा, ज्याचा-त्याचा समझोता. त्यानंतर जो तो आपला गट खिशात घालून हिंडू लागला. २००९ ला आठवले शिर्डीतून काँग्रेस आणि राष्ट्रवादी दोघांच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि पडले. म्हणजे दोन सत्ताधारी पक्षांचा पाठिंबा कागदावर राहिला. २०११ ला ते शिवसेना-भाजपबरोबर गेले.

मी पण एका गटात होतो. कुठला ते सांगत नाही, सांगून काय फरक पडतो.

२००२ ची महापालिका निवडणूक. मी वॉर्डाचा सरचिटणीस. आमच्या पुढाऱ्यानं एका संध्याकाळी फोन केला, म्हणाला पाठिंबा ठरलाय, पत्रक काढ. ज्याला द्यायचा त्या उमेदवाराच्या विरुद्ध आम्ही पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत घोषणा देत होतो. मी विचारलं, साहेब, लोकांना काय सांगायचं? तो म्हणाला, "लोकांना विचारायचं नसतं. लोकांना सांगायचं असतं. वजनदार नावं टाक."

मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं. इतकी वर्षं लिहीत होतो, हात बसला होता. संविधान, फुले, शाहू, सगळं घातलं. आणि वजनदार नावं कुठून आणायची? चाळीतल्या चाळीस म्हाताऱ्यांची नावं घातली. कुणाला विचारलं नाही. आपलेच आहेत, विचारायचं काय. पहिलं नाव बाचं. नावापुढं लिहिलं: १९५२ पासूनचे बाबासाहेबांचे सैनिक.

दोन हजार पत्रकं परळच्या प्रेसमधून छापून आणली. एका इमारतीत ८० खोल्या, दाराखालून सरकवत गेलो. आमच्या दाराखालूनही पोरांनी सरकवलं असणार.

रात्री आलो तर बा दिव्याखाली बसलेला. त्यानं रात्रशाळेत अक्षरं गिरवलेली, बोट ठेवून वाचायचा. बोट पहिल्या नावावर होतं.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"मला इचारलंस?"

"बा, पक्षाचा निर्णय आहे. तुझ्या नावाला मान आहे म्हणून घातलं."

"म्या आजून मत दिलं न्हाय. तू कसं दिलंस?"

मला उत्तर सुचलं नाही. मग मी वाद घातला. म्हटलं, बा, तू पण बावन्न साली सांगितलं तिथंच टाकलंस ना, झाडाला? तुला कुठं माहीत होता अशोक मेहता? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टाकलं. बाबांनी सांगितलं म्हून टाकलं. पर कागद माज्या हातात व्हता." आणि दिवा मालवला. आई अंधारात म्हणाली, जेव तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या दाढीच्या डब्यातून पातं घेतलं. गुडघे धरत जिना उतरला. तळमजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात जायचा, म्हणायचा, कालचा कागद हाय का. मिळाला की खाली बसायचा, फरशीवर कागद पसरायचा, आणि पात्यानं आपलं नाव कापून काढायचा. एक चौकोन. मग कागद परत द्यायचा. "घ्या. आता वाचा." कुणाला मत द्या, कुणाला देऊ नका, अवाक्षर बोलला नाही. काही घरांनी कागद चुलीला लावला होता, काहींनी पोराच्या ढुंगणाखाली घातला होता, तिथंही विचारलं त्यानं. तीन दिवस हेच. चौथ्या मजल्यापर्यंत आमची इमारत नाही ते बरं. त्या चाळीसांतले आणखी दोघं-तिघं म्हातारे त्याच्या मागं लागले, म्हणाले, आमचं पण काप.

मी तोंड चुकवून ऑफिसला जात होतो. परत येताना पोरांच्या हातात भोक पडलेली पत्रकं दिसायची. माझं चांगलं लिहिलेलं सगळं शाबूत, फक्त वर एक खिडकी.

उमेदवार पडला. आमच्या चाळीच्या बूथांवर तर फारच खाली राहिला. दोन दिवसांनी त्याचा माणूस आला, पत्रकांच्या छपाईचा हिशोब मागू लागला. म्हणाला, "मास्तर, तुमची मतं गेली कुठं?" मी मास्तर नाही, पण ते कुणालाही मास्तर म्हणतात. मी पुढाऱ्याला फोन केला. त्याचा आवाज मजेत होता. "समाज ऐकत नाही रे," म्हणाला. एवढंच. मला तेव्हा उमगलं की पुढाऱ्याला जे मिळायचं होतं ते मतमोजणीच्या आधीच मिळालं होतं. पाठिंब्यानं मतं फिरली का नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न फक्त उमेदवाराचा होता, आणि माझा.

दोस्तांनो, इथं थोडं थांबा. पाठिंब्याचा बाजार का चालतो, मतं फिरत नसताना का चालतो, हे मला त्या फोननंतर कळायला लागलं. विकत घेणाऱ्याला खात्री नसते, पण दुसऱ्यानं घेतला तर काय, ही भीती असते. म्हणून घेतो. एखादं महामंडळ, एखादी विधान परिषदेची आशा, गाडीचं डिझेल. विकणारा आपला माल विकतच नाही. तो माझ्या बापाचा कागद विकतो, आणि बाप तर मतदानाच्या दिवसापर्यंत कागद हातातून सोडत नाही.

गावाकडं वेगळं आहे म्हणता? माझी आत्या कराडच्या बाजूला दिलेली. गावात पाटलाचा पाठिंबा ज्याला त्याला सगळ्या वाड्यानं द्यायचा अशी रीत. नाही दिला तर शेतावर काम नाही, दुकानात उधारी नाही. आत्या सभेला जायची, पुढं बसायची, मिळालेलं लुगडं घ्यायची, पाटलीणबाईला हात जोडून सांगायची की तुमच्याच चिन्हाला. आणि आत पडद्यामागं जाऊन तिला पाहिजे ते. "आत कोन येतंय?" म्हणायची. तिथं उलट आपल्या पुढाऱ्याच्या नावाचा उपयोग होतो. मत फिरवायला नाही, धीर द्यायला. आपलं माणूस कुठंतरी उभं आहे, त्याचं नाव भिंतीवर आहे, एवढ्यानं वाड्यातलं माणूस मान वर करून केंद्रावर जातं. हे मी नाकारत नाही. भिंतीवरच्या त्या नावासाठी मी पुष्कळ राती चुन्याच्या बादल्या वाहिल्या आहेत.

आणि २०१९ चं काय? तुम्ही पोरं तेव्हा वंचितच्या सभांना होता. औरंगाबादेत बाळासाहेबांनी इम्तियाज जलील यांच्यासाठी शब्द टाकला आणि ते ४,४९२ मतांनी निवडून आले. त्यात निळ्या झेंड्याची मतं होती, ती नसती तर ते आले नसते. शब्द चालला. त्याच निवडणुकीत बाळासाहेब स्वतः अकोल्यात पडले, सोलापुरात पडले. राज्यात वंचितला ४१ लाखांच्या आसपास मतं पडली. पाच वर्षांनी, २०२४ च्या लोकसभेला, नेता तोच, आडनाव तेच, आणि मतं निम्म्याहून कमी. लोकांना कुणी सांगितलं होतं? माझ्या शेजारच्या घरातल्या बाईनं मला सांगितलं, ती दोन घरची भांडी घासते, "भाऊ, औंदा संविधानाचं हाय म्हणं, मी बाळासाहेबांची माफी मागून दुसरीकडं दिलं." माफी मागून! कुणाकडं मागितली, तिच्या खोलीतल्या फोटोपुढं. मला वाटतं, तिनं तो निर्णय घेतला त्या रात्री तिला कुठल्याच पुढाऱ्याचं पत्रक वाचायची गरज पडली नसावी. ती बरोबर होती का चूक, मला ठरवता येत नाही. विधानसभेला परत सगळं उलटं झालं, महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा. त्या वेळी तिनं काय केलं ते मी विचारलं नाही. बापानं ती खोड मोडली.

तर पोरं चहा प्यायली. मी म्हटलं, या यादीत महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत, त्या खालच्याच मजल्यावर राहतात, त्यांना विचारलंय ना?

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"काका, त्या आपल्याच आहेत."

मी दारातून हाक मारली. त्या वर आल्या, ओले हात पदराला पुसत. मोबाईल बघितला. "हे कधी ठरलं? माझं नाव काढा बाई आधी. माझा नवरा एकाचं काम करतोय, मुलगा दुसऱ्याचं. मला घरात राहायचंय." आणि निघून गेल्या. खालून त्यांचा हसण्याचा आवाज आला.

एक पोरगं जरा हुशार होतं. ते म्हणालं, "काका, मग तुम्ही तर द्या. तुम्हाला तरी पटतंय ना उमेदवार?" मी म्हटलं, पटतो. खरंच पटत होता. मी म्हटलं, मला बोलायचं असेल तर मी जिन्यात उभा राहीन, येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या तोंडानं सांगेन, शिव्या खायच्या तर खाईन. पत्रात नाही. त्यानं माझं नाव खोडलं. यादीत उरलेल्यांना फोन लावत बसली पोरं माझ्याच कॉटवर. नऊ नावांतली दोन राहिली. दोन नावांचं पत्र उमेदवाराच्या ऑफिसात कोण घेणार? पोरं उठली. जाताना जयभीम केला, पण आवाज बारीक.

मी जिन्यात तीन संध्याकाळी उभा राहिलो. सतरा जण थांबले. त्यातल्या चौघांनी मला पाणी आहे का विचारलं.

२० नोव्हेंबरला सकाळी केंद्रावर गेलो. बाहेर टेबल टाकून तेच हुशार पोरगं चिठ्ठ्या वाटत बसलेलं. माझी चिठ्ठी दिली आणि त्याला जोडून आणखी एक दिली. मी चष्मा लावून बघितलं. बाचं नाव. २००९ ला गेला तो. यादीत अजून आहे.

"आजोबांचं नाव आहे काका यादीत," पोरगं म्हणालं. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, गप्प झालं. मी चिठ्ठी त्याच्याकडं परत दिली आणि म्हटलं, तुझ्या यादीत काट, आणि आतल्या माणसालाही सांग. त्यानं पेन काढलं, यादीत नाव शोधलं आणि पट्टी लावून रेघ मारली. मी रांगेत जाऊन उभा राहिलो.